हवेतली ऊब आणि आंघोळीचं पाणी : हीट पंप कोणाला परवडतो?

मंडळी, या मालेत आम्ही आजवर ज्ञान, कर्म, काल असे विषय घेतले. आज हीट पंप. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला पाणी तापवण्याच्या यंत्राशी काय करायचंय? आमचं म्हणणं असं, की ‘परवडतं’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण तो नेमकं काय सांगतो हे क्वचितच तपासतो. एखादा शब्द तपासायचा तर त्याच्याखाली एक ठोस वस्तू ठेवावी लागते. सध्या शनिवार पेठेत ज्या वस्तूवरून सोसायट्यांच्या सभा लांबतात, तीच आम्ही घेतली आहे.

ओंकारेश्वरापासून शनिवारवाड्यापर्यंत चालत गेलात तर दर शे-दोनशे पावलांवर हिरवी जाळी लावलेली इमारत दिसते. वाडे पाडून सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्या इमारती झाल्या, त्या आता स्वतः पडतायत आणि नव्या उभ्या राहतायत. नव्या इमारतीत गरम पाणी कसं येणार, हा प्रश्न नकाशाच्या टेबलावर फार तर पाच मिनिटं घेतो. त्या पाच मिनिटांत जे ठरतं, ते पुढची तीस-चाळीस वर्षं भोगायचं असतं. म्हणून हे व्याख्यान.

आधी यंत्र समजून घेऊ. ज्यांनी वाड्यातलं न्हाणीघर पाहिलंय त्यांना तांब्याचा बंब आठवत असेल. मधोमध नळकांडं, त्यात निखारे, भोवती पाणी. जळणातून उष्णता निर्माण करायची आणि पाण्याला द्यायची. विजेचा गीझर तेच करतो, फक्त निखाऱ्याच्या जागी कॉइल येते. एक युनिट वीज घातली की जवळजवळ एक युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त कधीच नाही.

हीट पंपाच्या माहितीपत्रकात मात्र लिहिलेलं असतं, की एक युनिट वीज घाला आणि तीन किंवा साडेतीन युनिट उष्णता घ्या. या आकड्याला ते लोक सीओपी म्हणतात. हे वाचून शहाण्या माणसाला पहिली शंका येते ती फसवणुकीची, आणि ती यायलाच हवी. जे नव्हतं ते आलं कुठून? आपल्याकडच्या सांख्यांनी हाच प्रश्न विचारला असता. त्यांच्या मते कार्य हे कारणात आधीपासून असतंच, अभावातून भाव निघत नाही. इथे सांख्य बरोबर ठरतात. वरची दोन युनिटं बाहेरच्या हवेत आधीपासून असतात. यंत्र ती फक्त वाहून आणतं. ‘पंप’ हा शब्द म्हणूनच अचूक आहे. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करत नाही, खालचं वर नेतो. हा पंप कमी तापमानाची उष्णता जास्त तापमानाकडे नेतो, आणि त्या चढाईची मजुरी म्हणून वीज घेतो.

पण हवेत उष्णता असते हे मनाला पटत नाही. तर्कसंग्रह शिकलेल्यांना आठवेल, की तिथे वायूचा स्पर्श ‘अनुष्णाशीत’ मानलाय, म्हणजे ना उष्ण ना थंड. उष्ण स्पर्श फक्त तेजाचा. त्वचेच्या दृष्टीने हे वर्णन चोख आहे. मात्र त्वचा तापमान मोजत नाही, ती स्वतःशी तुलना करते. दुसरी एखादी वस्तू तुलनेला घेतली की चित्र पालटतं. फ्रिजमध्ये, एसीमध्ये असे द्रव वापरतात जे अगदी कमी तापमानाला उकळतात. त्यातला एक, आर-१३४ए, साध्या दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या लेखी पुण्यातली डिसेंबरची पहाट म्हणजे धगधगती चूल आहे! हवेच्या संपर्कात तो उकळतो, वाफ होताना हवेतली उष्णता शोषतो. मग काँप्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्याने ती तापते, आणि टाकीभोवतीच्या नळीतून जाताना पाण्याला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते. फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावून पाहा, गरम लागते. फ्रिजमध्ये आपल्याला आतला थंडपणा हवा असतो आणि ती ऊब वाया जाते. इथे ऊब हवी असते आणि थंड हवा बाहेर टाकली जाते.

ही कल्पना नवीही नाही. कार्नोने १८२४ साली उष्णतेच्या यंत्रांची मर्यादा मांडली. पुढे ज्यांना लॉर्ड केल्व्हिन म्हणून जग ओळखू लागलं त्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये दाखवलं, की हेच यंत्र उलटं चालवून इमारती उबदार ठेवता येतील. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५६ च्या सुमारास मिठागरात तसं यंत्र बसवलंसुद्धा. कार्नोच्या हिशेबाने २० अंशांच्या हवेतून ५५ अंशांचं पाणी करायचं तर सीओपीची कमाल मर्यादा नऊच्या थोडी वर येते. प्रत्यक्षात घर्षण आणि गळती धरून तीन-चार मिळतात. तेव्हा तीनचा आकडा जादूचा नाही, उलट निसर्गाने दिलेल्या सवलतीचा तिसरा हिस्साच आपण वापरतो.

इथे ‘विसण’ हा आपला जुना शब्द फार उपयोगी आहे. बंबातलं कढत पाणी बादलीत घ्यायचं आणि त्यात गार पाण्याचं विसण घालायचं, ही आपली पिढीजात रीत. म्हणजे साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं आणि अंगावर घेताना चाळीसवर आणायचं. बंबाला त्याने फरक पडत नाही. हीट पंपाला मात्र चढाई जितकी उंच तितकी मजुरी जास्त. पाणी ६० ऐवजी ४८-५० अंशांवर ठेवलं तर तीच टाकी बऱ्याच कमी विजेत तापते. विसण जितकं कमी, तितकं बिल कमी. पथ्य एकच : साठवलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर न्यायची. चांगल्या यंत्रांत ही सोय आपोआप होणारी असते. विकत घेताना ती आहे का, एवढं विचारा.

आता पैशांकडे. चार माणसांचं घर घ्या, माणशी पंचवीस लिटर, म्हणजे १०० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायचं. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने त्याला २.९ युनिट उष्णता लागते. वीज दहा रुपये युनिट धरू. तुमचा खरा दर हवा असेल तर बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागा, छापील दरावर जाऊ नका. गीझरला रोजचे २९ रुपये. हीट पंपाला एक युनिट, म्हणजे १० रुपये. रोजची बचत १९. एप्रिल-मे महिन्यांत पेठेतले बरेच लोक गार पाण्याने आंघोळ करतात, तेव्हा वर्षाचे दिवस ३०० धरले. वर्षाला ५,७०० रुपये वाचले.

यंत्राची किंमत बसवण्यासकट ८० हजार समजू. आकार आणि कंपनीनुसार ती कमी-जास्त होईल, तुमचं कोटेशन घालून गणित पुन्हा करा. एरवीही गीझर घ्यावा लागलाच असता, त्याचे आठ-दहा हजार वजा करा. जादा गुंतवणूक ७० हजार. ती फिटायला बारा वर्षं लागतात. यंत्राचं आयुष्य बारा ते पंधरा. आणि घरात दोघंच असतील, जशी पेठेतली निम्मी घरं आता आहेत, मुलं परदेशी किंवा बाणेर-बावधनला, तर चोवीस वर्षं. आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसं. चोवीस वर्षांचं गणित आमच्यापुढे मांडणारा विक्रेता एक तर फार आशावादी असतो, नाही तर फार सभ्य. (हशा)

आणखी एक तुलना करा, म्हणजे चित्र स्वच्छ होईल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेली काही वर्षं ८.२ टक्के व्याज आहे. ७० हजारांवर ते वर्षाला ५,७४० होतं. म्हणजे चौघांच्या घरात हीट पंप जेवढे वाचवतो, तेवढे पोस्टातून येतात, आणि मुद्दल शाबूत राहतं. व्याजावर कर लागतो, बचतीवर लागत नाही, आणि विजेचे दर वाढत जातात, हे हीट पंपाच्या बाजूने. तरी एका छोट्या फ्लॅटने स्वतःपुरता हीट पंप घ्यावा, असं आम्हाला पैशांच्या हिशेबात म्हणता येत नाही. पाइपच्या गॅसवर गीझर असेल तर आणखीच कठीण. गॅस घनमीटरला ५० रुपयांच्या आसपास धरला तर तेच पाणी १८ रुपयांत तापतं, बचत उरते आठ रुपयांची.

गॅस गीझरबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. बंद न्हाणीघरात तो पेटला की हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणूस गुदमरतोय हे त्याला स्वतःलाच कळत नाही. हिवाळ्यात खिडकी बंद करून आंघोळ करताना मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या शहरांतून आपण वाचल्या आहेत. पेठेतल्या चार बाय सहाच्या मोऱ्यांत, जिथे खिडकी म्हणजे डक्टमध्ये उघडणारी एक फट, तिथे गॅस गीझर आत लावूच नये. रोजच्या आठ रुपयांच्या हिशेबात ही गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता तो शब्द. मराठीत ऐपत आणि परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐपत म्हणजे आज पैसे मोजण्याची ताकद. परवडणं म्हणजे मोजलेले पैसे पुढे वसूल होणं. निवृत्त प्राध्यापकाची ८० हजारांची ऐपत असते, पण दोघांच्या घरात त्याला ते परवडत नाही. मेसचा डबा चालवणारी, सहा माणसांचं कुटुंब आणि दिवसभर भांड्यांना गरम पाणी लागणारी बाई, तिला ते चार-पाच वर्षांत फिटेल, पण तिच्याजवळ एकरकमी पैसे नाहीत. ती सहा हजारांचा गीझर घेते आणि दर महिन्याला जास्त बिल भरत राहते. भांडवल नसलेला माणूस तीच ऊब महाग विकत घेतो. आणि पेठेत तिसरा प्रकारही आहे, जुना भाडेकरू. यंत्राचा खर्च मालकाने करायचा आणि बचत भाडेकरूच्या बिलात व्हायची. मालक कशाला करेल? भाडेकरू तरी दुसऱ्याच्या भिंतीवर ८० हजार का टांगेल? दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि यंत्र काही बसत नाही.

परदेशातही प्रश्नाचं स्वरूप असंच आहे. आपल्यापैकी अनेकांची मुलं इंग्लंड-जर्मनीत आहेत, तिथे सबंध घर उबदार ठेवायला हीट पंप लागतो. इंग्लंडात आणि वेल्समध्ये २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकार ७,५०० पौंड अनुदान देतं, तरी लोक कचरतात. कारण तिथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या जवळजवळ चौपट महाग आहे. यंत्राने तिपटीने फेडलं तरी गॅसचा बॉयलर बिलात पुढेच राहतो. नॉर्वेत वीज स्वस्त, तिथे बहुसंख्य घरांत हीट पंप आहेत, आणि तिथली थंडी लंडनपेक्षा कडक. म्हणजे यंत्र तेच असूनही निकाल शेजारच्या इंधनाच्या दरावर लागतो. आपल्याकडे तुलना बहुधा विजेच्या कॉइलशीच असते, त्यामुळे तिपटीचा सगळा लाभ आपल्या पदरात पडतो. अडचण उरते ती आधी घालायच्या पैशांची.

आणि ती अडचण इमारतीने मिळून घेतली की उतरते. बारा फ्लॅट, चाळीस माणसं, १,००० लिटर पाणी. २९ युनिट उष्णता. गीझरांनी रोज २९ युनिटं जाळली असती. सामायिक हीट पंपाला दहा पुरावीत, पण पाइपांमधून उष्णता झिरपते, म्हणून तेरा धरू. बचत १६ युनिटं, वर्षाला ४८ हजार रुपये. बांधकामाच्या वेळीच उष्णतारोधक आवरण घातलेल्या पाइपांसह यंत्रणा चार लाखांत बसली असं समजू. फ्लॅटमागे ३३ हजार. प्रत्येकाचा आठ हजारांचा एक गीझर वाचला, उरले २५. त्यावर फ्लॅटमागे वर्षाला चार हजारांची बचत, म्हणजे सोळा टक्के. पोस्टाच्या दुप्पट! तीच माणसं, तेच पाणी. प्रश्न विचारणारा ‘मी’ बदलून ‘आम्ही’ झाला, एवढाच फरक.

यावर एक आक्षेप आधीच येतो : आमच्या गच्चीवर सोलर आहे की. पुण्यात सौर बंब खूप आहेत, महापालिका मिळकतकरात सवलतही देते, आणि ऊन असेल तर त्याच्याइतकं स्वस्त काहीच नाही. पण १०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर पॅनेल लागतं. बारा फ्लॅटना चोवीस मीटर, शिवाय मधली मोकळी जागा. शेजारची इमारत सहा-सात मजले चढली की अर्धा दिवस सावली. आणि जून ते सप्टेंबर आतली कॉइलच काम करते. हीट पंपाला पावसाळा उलट मानवतो. दमट हवेतली वाफ यंत्राच्या गार पृष्ठभागावर पाणी होऊन ठिबकते आणि ठिबकताना आपली उष्णता देऊन जाते.

दोन्हींचा मेळही घालता येतो. गच्चीवर पाणी तापवणाऱ्या पॅनेलऐवजी वीज करणारी घ्यायची. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. पुण्यात एका किलोवॅटला दिवसाकाठी सरासरी चार युनिटं मिळतात, तेव्हा तेरा युनिटांना साडेतीन-चार किलोवॅट पुरतात. यंत्र दुपारी चालवायचं. हवा तेव्हा सर्वांत गरम असते आणि वीज आपली असते. टाकीतलं पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे वापरायचं.

बसवण्याबाबत थोडं, कारण इथेच पैसे बुडतात. बाहेरचं युनिट बंद डक्टमध्ये ठेवू नका. ते थंड हवा सोडतं, तीच हवा पुन्हा आत ओढतं, आणि तीनचा सीओपी दोनवर येतो. गच्ची उत्तम. हजार लिटरची भरलेली टाकी टनापेक्षा जड असते, ती कुठल्या बीमवर बसणार हे इंजिनिअरकडून लिहून घ्या. बोअरचं पाणी यंत्रात सोडू नका, क्षार बसतात. टाकीतली मॅग्नेशियमची कांडी गंजून संपण्यासाठीच असते, ती दर दोन-तीन वर्षांनी बघायची. पंख्याचा आवाज शेजारच्या झोपायच्या खोलीकडे तोंड करून नको, पेठेत दोन इमारतींमध्ये हात पुरेल एवढंच अंतर असतं. आणि गॅस कुठला आहे ते विचारा. आर-१३४ए सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त हवा तापवतो. २०१६ च्या किगाली करारानुसार असे वायू टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत, भारतानेही २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. नव्या यंत्रांत आर-२९० मिळायला लागलाय. तो ज्वलनशील आहे, पण हवेला फार सौम्य.

प्रश्न आलाय, की दोन माणसांच्या घराने सहा माणसांच्या घराइतकेच पैसे का द्यायचे? रास्त आहे. सभा इथेच मोडतात. आम्हाला पटतं ते असं : यंत्राचा खर्च फ्लॅटवार समान, कारण फ्लॅट विकताना त्याचा लाभ समान मिळतो, आणि आज जिथे दोघं आहेत तिथे उद्या सहा येतील. रोजचा खर्च मात्र प्रत्येक फ्लॅटच्या गरम पाण्याच्या मीटरप्रमाणे. मीटर बांधकामाच्या वेळी लावला तर किरकोळ खर्च आहे, नंतर फरशी फोडावी लागते.

दुसरा प्रश्न, बिल्डरशी करार आधीच झाला असेल तर? फरशी बसलेली नसेल तर वेळ गेलेली नाही. गच्चीपासून प्रत्येक न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याची आवरण घातलेली एक उभी पाइपलाइन, परतीची एक, मीटरची जागा, आणि गच्चीवर थ्री-फेजचा एक पॉइंट, एवढं पुरवणी पत्रात लिहून घ्या. यंत्र पैसे जमतील तेव्हा, दोन वर्षांनीसुद्धा घेता येईल. तोवर त्या पाइपला सोलर जोडा.

वीज गेली तर काय, असं पुढच्या रांगेतल्या वहिनी विचारतायत. टाकीला चांगलं आवरण असेल तर रात्रभरात पाणी थोड्याच अंशांनी उतरतं, सकाळची आंघोळ होते. दिवाळीच्या पहिल्या दिवशी मात्र सगळे फ्लॅट एकदम पहाटे पाचला अभ्यंगस्नान करणार. त्यासाठी आदल्या रात्री टाकी ६० अंशांवर नेऊन ठेवा आणि विसण घ्या.